स्टारफिश घ्यायच्या आधी एवढं वाचा

रीफ टाकीत, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या कोरलवाल्या टाकीत, स्टारफिश चालतोय काय ओ, असं काउंटरवर रोज कोणतरी विचारतंयच. कुठला स्टारफिश त्याच्यावर आहे ते, म्हणून हे पत्रक काढलंय, कन्नडमधलं पण ठेवलंय, मागून घ्या.

अंगावर चॉकलेटी शिंगं असलेला चॉकलेट चिप, ज्याच्यासाठी पोरं हट्ट धरतात, तो कोरलच्या टाकीत नको म्हणजे नको. हा पोटच बाहेर काढून खाण्यावर पसरतो आणि जागेवर पचवतो, रात्री झोआवर (बटणासारखं कोरल) बसला की सकाळी खाली नुसता दगड. स्पंज, शिंपले, दुसरे स्टारफिश, त्याला काहीही चालतंय. नुसत्या माशांच्या टाकीत ठेवा, कोलंबीचा तुकडा खाली सरकवा, मजेत राहतो. हिरवा ब्रिटल स्टार आम्ही मागवतच नाही, तो रात्री हात ताणून मांडव घालतो आणि आडोशाला आलेला मासा गट्ट.

लाल फ्रोमिया आणि निळा लिंकिया कोरलला त्रास देत नाहीत, पण दगडावरचा बारीक थर खाऊन जगतात आणि नव्या टाकीत तो थरच नसतोय, मग हळूहळू उपाशी मरतात. म्हणून टाकी वर्षाची झाल्याशिवाय लिंकिया आम्ही देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी. वाळू उकरणारा स्टारफिश पण तसाच, वाळूतले जीव संपले की त्याचंही संपलं, लहान टाकीत घालूच नका. मालवण-कारवारला फिरायला गेल्यावर बाटलीत घालून आणणारे पण आहेत, तिथंच सोडा की ओ त्याला. काचेवरचे नखाएवढे ॲस्टेरिना स्टारफिश बघून घाबरू नका, बहुतेक शेवाळच खातात, झोआवर बसलेले दिसले तर चिमट्यानं काढा. त्यांना खायला म्हणून हार्लेक्विन झिंगा मागता, पण तो स्टारफिशशिवाय काही खात नाही, म्हणजे तुमचा लिंकिया पण गेला.

आता खरी डोकेदुखी. लोक काय करतात, पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगवायची आणि स्टारफिश टाकीत सोडायचा, माशाला चालतं तसं. ह्याला नाही चालत. स्टारफिशला अंगातलं मीठ-पाणी सांभाळता येत नाही, बाहेर जेवढा खारटपणा तेवढाच आत, एकदम फरक पडला की आतून इजा होते आणि ती त्या दिवशी दिसत नाही. चार-आठ दिवसांनी अंगावर पांढरे डाग, हाताचं टोक गळायला लागतं, बुळबुळीत होतो, आणि मग पिशवी घेऊन दुकानात, 'आजारी माल दिलासा'. माल आम्ही आठवडाभर ठेवून, उलटा करून खालचे बारीक पाय हलतात का आणि हाताखाली परजीवी गोगलगाय चिकटलीय का ते बघूनच देतो. त्यामुळे ड्रिप न करता सोडलेला स्टारफिश बदलून मिळणार नाही, ह्यावर वाद घालू नका.

ड्रिप म्हणजे पिशवीतलं पाणी स्टारफिशसकट बादलीत ओतायचं, एअर पाईपनं टाकीतलं पाणी सायफन करायचं, पाईपला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब. दोन-तीन तास लागतात, लागू देत. बादलीतलं आणि टाकीतलं खारटपणाचं रीडिंग एक झालं की छोट्या डब्यात पाण्यासकट घेऊन डबा टाकीत बुडवायचा आणि त्याला पाण्याखालीच बाहेर सरकू द्यायचं. उघड्या हवेत धरून फोटो काढू नका.

खारटपणा पाण्याच्या घनतेवर मोजतात, आमची माशांची टाकी १.०२१ वर असते, स्टारफिश-कोरलची १.०२५ वर, तुमची पण १.०२५ ला ठेवा. खारटपणा मोजायच्या काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरवर विसंबू नका, काट्याला बुडबुडे चिकटले की रीडिंग जास्त दाखवतं आणि पाणी खरं तर कमी खारट असतं. रिफ्रॅक्टोमीटर (थेंब टाकून डोळ्याला लावून बघायचं) घ्या, दुकानात आहे, ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग मीठ) सोल्युशन घालून सेट करूनच देतो. मार्च-एप्रिलला पाणी उडतं तेव्हा वरून आरओचं साधं पाणी घालायचं, मिठाचं नव्हे, मीठ उडत नाही ना. आणि माशांना पांढरे ठिपके आले म्हणून टाकीत कधी कॉपरचं औषध घातलं असेल तर आधीच सांगा, तिथं स्टारफिश जगत नाही.

निपाणी-खानापूरकडून येणाऱ्यांनी निघताना टाकीचं पाणी बाटलीत भरून आणायचं, चेक करायचे पैसे घेत नाही. रीडिंग बसलं तर स्टारफिश त्याच दिवशी घेऊन जा, पाईप बरोबर देतो.