एक्सपी, व्हिस्टा आणि नाशिकची मराठी अक्षरजुळणी : पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक प्रणालीची नियमित मोफत सुरक्षा अद्यतने थांबली आणि नाशिकच्या मेनरोड, शालिमार, अशोकस्तंभ परिसरातल्या डीटीपीच्या (संगणकावरील अक्षरजुळणीच्या) दुकानांत एक जुना प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागला : यंत्र नीट चालत असताना प्रणाली बदलायची कशासाठी? या प्रश्नाचे मूळ एक्सपी आणि व्हिस्टा या विंडोजच्याच दोन जुन्या प्रणालींच्या स्वागतात आहे.

विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तोपर्यंत घरगुती संगणकांवर डॉस या जुन्या प्रणालीच्या पायावर उभी असलेली ९५, ९८ आणि एमई ही मालिका चालत असे, तर कार्यालयांत एनटी आणि तिच्यानंतरची विंडोज २००० असे. एक्सपीने हे दोन प्रवाह एकत्र आणून एनटीचा भक्कम पाया घरगुती संगणकाला दिला. किमान ६४ एमबी आणि शिफारशीप्रमाणे १२८ एमबी मेमरी तिला पुरत असल्यामुळे साध्या यंत्रावरही ती चाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि पुढच्या काही वर्षांत संगणक शिकलेल्या अनेकांची पहिली ओळख याच पडद्याशी झाली. आरंभी तिच्यावरही टीका झाली होती. परवाना सक्रिय करून घेण्याची नवी सक्ती अनेकांना रुचली नाही, आणि ऑगस्ट २००३ मधील ब्लास्टर या किड्याने (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) तिच्या सुरक्षेतील उणिवा उघड्या पाडल्या. ऑगस्ट २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर (एकत्रित सुधारणांच्या संचानंतर) मात्र तिच्यावरचा विश्वास पक्का झाला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातला महत्त्वाचा धागा वेगळाच आहे, आणि तो आजवर पुरेसा सांगितला गेलेला नाही. देवनागरीचा युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या सामायिक पद्धतीत) समावेश १९९१ सालीच झाला होता, आणि विंडोज २००० मध्ये मंगल फाँटसह तिला प्रथम आधार मिळाला. एक्सपीतही तो होता, पण आपसूक चालू नव्हता. रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या फाइली बसवाव्या लागत आणि त्यासाठी मूळ सीडी लागे. सुटे भाग जोडून बनवून घेतलेल्या यंत्रासोबत ती सीडी ग्राहकाच्या हाती क्वचितच पडे. या फाइली नसल्या की पडद्यावर रिकाम्या चौकटी दिसत. फाँट बाहेरून आणून टाकला, तरी वेलांटी जागा सोडून बसे. युनिकोडमध्ये ‘शि’ साठवताना आधी श आणि मग वेलांटी येते. वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन दाखवणे हे प्रणालीचे काम आहे. ते होत नसे तेव्हा ‘नाशिक’ हे आपल्या शहराचे नावसुद्धा धड उमटत नसे. मला ते मोडलेले नाव पाहून वाटलेली खंत आजही आठवते.

लग्नपत्रिका, हँडबिले, निवडणुकीची पत्रके आणि दिवाळी अंक यांचे काम मात्र अडले नाही, कारण ते युनिकोडवर अवलंबूनच नव्हते. पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या प्रोग्रॅमला युनिकोड समजत नसे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या साधनांचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून तयार केलेले असत. छपाई देखणी होई; पण तीच फाइल तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडली, की मराठीऐवजी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसे. काही साधनांचा परवाना तर संगणकाच्या मागच्या पॅरलल पोर्टला लावलेल्या डोंगलवर (किल्लीसारख्या छोट्या उपकरणावर) असे. ही सगळी मांडणी एक्सपीवर स्थिर झाली होती आणि ऑपरेटरच्या बोटांना कळफलक पाठ झाला होता.

अशा घडीत ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी व्हिस्टा आली. ‘लाँगहॉर्न’ या सांकेतिक नावाने चाललेले तिचे काम २००४ मध्ये बरेचसे नव्याने आरंभावे लागले होते आणि त्यामुळे विलंब झाला होता. तिला किमान ५१२ एमबी मेमरी लागे आणि शिफारस एक जीबीची होती. अनेक जुन्या प्रिंटर-स्कॅनरना चालक प्रोग्रॅम (ड्रायव्हर) मिळेनात, आणि लहानसहान बदलालाही परवानगी विचारणारी खिडकी समोर येई. जुने प्रोग्रॅम आपल्याच फोल्डरमध्ये लिहू पाहत, ती वाटही आता अडवली गेली होती. डोंगलवर पोट असलेल्या दुकानदाराने अशा प्रणालीपासून दूर राहणे स्वाभाविक होते. व्हिस्टाच्या काही आवृत्त्यांसोबत तर परत एक्सपीवर जाण्याचा हक्कच दिलेला होता.

परंतु व्हिस्टात देवनागरी सीडीशिवाय, पहिल्या दिवसापासून चालू होती. व्हिस्टा नाकारताना आपण ही सोयही नाकारली, आणि मराठी युनिकोडचा सार्वत्रिक वापर निदान दोन-तीन वर्षे मागे पडला, असे माझे मत आहे. अर्थात व्हिस्टाही मराठीच्या दृष्टीने पूर्ण नव्हती. ‘ॲ’ या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान एप्रिल २००८ मध्ये मिळाले, म्हणजे ते तिच्यात मुळात असणे शक्यच नव्हते. तोवर ‘अ’वर चंद्र ओढून भागवावे लागे.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी विंडोज ७ आली. चालक प्रोग्रॅम तोवर तयार झाले होते, मेमरी स्वस्त झाली होती, आणि तिच्यासोबत कोकिळा, उत्साह व अपराजिता हे देवनागरी फाँट आले. तिचे स्वागत चांगले झाले, तरी एक्सपी लगेच हलली नाही. ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा आधार संपल्यानंतरही देशातील अनेक एटीएम तिच्यावर चालत राहिली, आणि जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला ही प्रणाली टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत बदलण्याचा आदेश काढावा लागला.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आवश्यक असल्यामुळे या वेळी अनेक जुनी यंत्रे थेट बाद ठरतात. युनिकोडमध्ये न आणलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या पेजमेकर फाइली ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यासाठी इंटरनेटपासून तोडून ठेवलेले एखादे एक्सपीचे यंत्र अजूनही कोपऱ्यात सुरू असते, कारण जुनी स्मरणिका पुन्हा छापायची झाली, तर ती तिथेच उघडते.