प्रोसेसरचा कॅश आणि डिस्कचा कॅश: स्टोरेज ड्रायव्हरमधील दोन वेगळे फ्लश

शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवणारा एआरएम प्रोसेसरचा बोर्ड बसवला आणि ईएमएमसीवरील (बोर्डवरच्या साठवण चिपवरील) नोंदी बिघडलेल्या निघाल्या, की ‘कॅश फ्लश राहिला असेल’ असे निदान चटकन केले जाते. कॅश म्हणजे माहितीची तात्पुरती, जलद साठवण आणि फ्लश म्हणजे ती माहिती पुढच्या टप्प्यावर उतरवणे. परंतु स्टोरेज ड्रायव्हरच्या, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, वाटेवर कॅश दोन असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला कॅश प्रोसेसरचा. बफरमध्ये, म्हणजे देवाणघेवाणीसाठी राखलेल्या मेमरीच्या तुकड्यात, लिहिलेली माहिती बराच वेळ प्रोसेसरच्या कॅशमध्येच राहू शकते. डिस्कचा कंट्रोलर मात्र डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मुख्य मेमरी वाचतो आणि तेथे असलेली जुनी माहिती उचलतो. इंटेल किंवा एएमडीच्या पीसीवर हा मेळ हार्डवेअरच राखते, पण अनेक एआरएम चिपवर ती जबाबदारी ड्रायव्हरवर येते. डिस्कवर लिहिण्यापूर्वी कॅशमधील मजकूर मेमरीत उतरवावा लागतो, म्हणजे क्लीन करावा लागतो. डिस्कवरून वाचताना कॅशमधील जुनी प्रत रद्द, म्हणजे इनव्हॅलिडेट, करावी लागते. आणि प्रोसेसर अंदाजाने मेमरी आधीच वाचून ठेवत असल्यामुळे ते काम हस्तांतरण संपल्यावरही करणे भाग असते. लिनक्समध्ये डीएमए मॅप, अनमॅप आणि सिंक ही फंक्शने नेमके हेच करतात, मात्र त्यांना दिशा (माहिती मेमरीतून डिस्ककडे जाते की डिस्ककडून मेमरीत येते) बिनचूक सांगितली पाहिजे.

येथील सर्वांत फसवी चूक बफरच्या कडेला होते. कॅशचा व्यवहार बाइटचा नसून संपूर्ण लाइनचा, बहुधा 64 बाइटचा, असतो. बफरचे शेवटचे काही बाइट आणि शेजारचा एखादा काउंटर एकाच लाइनमध्ये आले, तर लाइन इनव्हॅलिडेट केल्यास काउंटरची नवी किंमत जाते, आणि ती मेमरीत उतरवल्यास डिस्कवरून नुकतेच आलेले बाइट जुन्या मजकुराखाली गाडले जातात. म्हणूनच स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) ॲरे किंवा स्ट्रक्चरच्या मधला तुकडा डीएमएसाठी कधीही देऊ नये.

दुसरा कॅश डिस्कच्या आतला. लेखन पूर्ण झाल्याचे डिस्क सांगते तेव्हा माहिती तिच्या स्वतःच्या रॅममध्येच असू शकते आणि वीज गेली की ती नाहीशी होते. यावर एटीए, एनव्हीएमई आणि ईएमएमसी या डिस्कशी संवादाच्या मानकांत फ्लशची आज्ञा आहे; एफसिंकची (फाइल डिस्कवर पक्की करा अशी प्रोग्रॅमची) मागणी फाइल सिस्टिममधून ब्लॉक लेयरपर्यंत (डिस्कच्या विनंत्या ड्रायव्हरकडे पाठवणाऱ्या लिनक्सच्या स्तरापर्यंत) आणि तेथून ड्रायव्हरपर्यंत पोहोचते. मात्र आपल्या डिस्कला असा कॅश आहे हे ड्रायव्हरने ब्लॉक लेयरला सांगितलेच नसेल, तर फ्लशची विनंती ड्रायव्हरपर्यंत येतच नाही.

दोषाचे स्वरूप पाहूनही फरक ओळखता येतो. वीज चालू असतानाच मधले तुकडे जुने निघाले, तर डीएमए मॅपिंग तपासावे; सारे ठीक चालले असताना वीज गेली आणि फक्त अखेरच्या नोंदी नाहीशा झाल्या, तर डिस्कचा फ्लश तपासावा. पहिल्या प्रकारचा दोष पीसीवरील चाचणीत सहसा दिसतच नाही, म्हणून ती चाचणी प्रत्यक्ष बोर्डवरच घ्यावी.