कसरती विमान-मॉडेलचे इंजिन : निवड आणि बिघाड

जमिनीवरून रेडिओने उडवल्या जाणाऱ्या आणि लूप, रोल, उलटे उड्डाण, सरळ उभी चढ अशा कसरती करणाऱ्या छोट्या विमानाला कसरती मॉडेल म्हणतात. त्याचे इंजिन वेगासाठी नव्हे, उभ्या चढीसाठी निवडायचे असते. आडव्या उड्डाणात वजन पंख पेलतात. नाक आभाळाकडे झाले की सगळा भार प्रॉपेलरच्या ओढीवर येतो. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ३ए या स्पर्धावर्गात मॉडेलची लांबी आणि पंखविस्तार प्रत्येकी २ मी.च्या आत लागतो. तिथे गुण मिळतात ते आकृतीच्या रेखीवपणाला, वेगाला नाही.

कसरतीकडे नुकत्याच वळलेल्याला ०.४६ घन इंचाचे, म्हणजे साधारण ७.५ घ.सेंमी.चे दोन-स्ट्रोक ग्लो इंजिन (प्लगच्या तापत्या तारेने मिथेनॉलचे इंधन पेटवणारे) पुरते. मॉडेल मात्र अडीच किलोच्या आसपास असावे. अशा इंजिनाला बहुधा ११×६ इंची प्रॉपेलर लावतात. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात प्रॉपेलर किती पुढे सरकेल त्या अंतराचा. कसरतीसाठी ११×५ अधिक बरा: चढताना ओढ चांगली मिळते आणि उतरताना विमान फार सुसाट सुटत नाही. चार-स्ट्रोक इंजिन त्याच आकारात कमी ताकद देते, पण मोठा प्रॉपेलर सावकाश फिरवते आणि आवाजही मऊ असतो. पेट्रोल इंजिन मोठ्या मॉडेलला परवडते. मात्र हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी धरते आणि कार्बोरेटरचा पडदा लवकर खराब करते, म्हणून उड्डाण संपल्यावर टाकी रिकामी केलेली बरी. ग्लो इंजिनाची सिलिकॉन नळी पेट्रोलला चालत नाही; ती फुगते. विजेच्या मोटरसाठी किलोमागे सुमारे ४०० वॅट धरावेत.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा अंदाजे ५ टक्के विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकदही तेवढीच उतरते. उंचावर नीडल (इंधन कमी-जास्त करणारा सुईसारखा स्क्रू) किंचित आवळावी लागते. उलट, इथे बसवलेली नीडल तशीच ठेवून आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या किनारी विमान उडवले, तर दाट हवेत मिश्रणात इंधन कमी पडते आणि इंजिन तापते. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा नीडल दोन-तीन कट्‌कट् उघडावी.

ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर हात बसलेले मिस्त्री कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात भेटतात. प्रॉपेलरच्या भोकाला बुश किंवा अ‍ॅल्युमिनियमचा माउंट (इंजिन बसवायचा आधार) हवा असेल तर याहून चांगली जागा नाही. एकच गोष्ट त्यांना आधी सांगून ठेवावी. क्रोम चढवलेल्या पितळी लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) इंजिनाचा सिलिंडर वरच्या टोकाला मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो. थंड इंजिन हाताने फिरवले की पिस्टन वर पोचताना चिमटल्यासारखा अडकतो, बारीक चुरचुरतो. जाणत्या माणसालाही ‘जाम झालंय, होनिंग करू या’ असे वाटते. होनिंग केले, म्हणजे आतून घासून रुंद केले, की लायनर वाया गेला. इंजिन तापल्यावर ती घट्टी आपोआप नाहीशी होते.

बिघाड शोधताना इंजिनाला दोष देण्यापूर्वी इंधनाची वाट तपासावी. बहुतेक वेळा खोट तिथेच सापडते. टाकीची मधली रेषा नीडलच्या पातळीला किंवा जराशी खाली हवी. टाकीभोवती मऊ फोम असावा, नाहीतर थरथरीने इंधन फेसाळते. नळीत बारीक बुडबुडे दिसले तर फेस, मोठे दिसले तर टाकीतल्या नळीला चीर किंवा भोक. विमान नाकावर आपटल्यानंतर ‘जमिनीवर ठीक, हवेत मध्येच बंद’ अशी तक्रार सुरू झाली, तर टाकीत फिरणारे, इंधन ओढणाऱ्या नळीचे वजनी टोक पुढे उलटून अडकलेले असण्याची शक्यता मोठी. टाकी काढून हलवली की टोक आपटल्याचा आवाज येतो. आला नाही तर निदान झालेच.

जमिनीवरचे इंजिन उभ्या चढीत दगा देईल का, हे नाक वर करून कळते. इंजिन पूर्ण थ्रॉटलवर असताना एकाने विमान घट्ट धरावे, प्रॉपेलरच्या पुढे वा बाजूला कोणी उभे राहू नये, आणि नाक हळूहळू आभाळाकडे न्यावे. आवाज किंचित वाढला तर नीडल बरोबर. पडला तर मिश्रण कोरडे, म्हणजे इंधन कमी; नीडल उघडावी. मंद गतीचे मिश्रण तपासायला इंजिन मंद ठेवून इंधननळी चिमटून बघतात: फेरे थोडे वाढून इंजिन बंद पडले तर ठीक, लगेच बंद पडले तर कोरडे, बराच वेळ वाढत राहिले तर ओले, म्हणजे इंधन जास्त. सुरू करताना प्लग तापवणारी बॅटरी काढताच इंजिन बंद होत असेल तर आधी प्लग बदलावा. प्लगच्या तारेतले प्लॅटिनम मिथेनॉलच्या ज्वलनाला चालना देते आणि त्यामुळे तार तापत राहते. तार पांढरट, खरखरीत झाली की तो गुण जातो.

पूर्ण थ्रॉटलवर चढताना विमान डावीकडे ओढते आणि थ्रॉटल बंद करताच सरळ जाते, तेव्हा इंजिन निर्दोष असते. माउंटला उजवीकडे एक-दोन अंश कल द्यावा लागतो. ट्रिम फिरवून, म्हणजे शेपटीची पाती किंचित वळती ठेवून, हे सुटत नाही.

मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसत नाही. बाटलीवर नाव लिहून ती मुलांपासून दूर ठेवावी. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमी.च्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. उजळाईवाडी विमानतळ शहराजवळच असल्याने मैदान ठरवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात मिथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि बेअरिंग गंजतात. म्हणून जूनच्या आधीच्या शेवटच्या उड्डाणानंतर नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, कार्बोरेटरमधून चार-पाच थेंब तेल सोडावे आणि प्रॉपेलर हाताने काही वेळा फिरवून ते आत पसरू द्यावे.