घरगुती फज: घोटण्याच्या कष्टांची पार्श्वभूमी

घरी फज, म्हणजे साखर, दूध किंवा क्रीम, लोणी आणि चॉकलेटची मऊ वडी, करायला घेतला की हात भरून येतो तो शेवटी, निवलेला पाक घोटताना. हा पदार्थ नावारूपाला आला तोच घरगुती मेहनतीतून, आणि पुढे त्याच्या कृतीत जे फेरफार होत गेले, त्यांतले बरेचसे हे घोटणे सोपे करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी झाले. म्हणून त्याचा इतिहास याच अंगाने पाहिला पाहिजे, असे मला वाटते.

फजचा सर्वांत जुन्यांपैकी एक भरवशाचा उल्लेख अमेरिकेतील, तेव्हा फक्त मुलींसाठी असलेल्या व्हॅसर कॉलेजात शिकलेल्या एमेलिन बॅटर्स्बी हार्ट्रिज यांच्या पत्रात आढळतो. १८८६ मध्ये बाल्टिमोर शहरात त्यांच्या एका मैत्रिणीच्या नात्यातल्या व्यक्तीने केलेला फज ४० सेंट पौंड या भावाने विकला जात होता, असे त्या लिहितात. ती कृती मिळवून त्यांनी १८८८ मध्ये कॉलेजातील लिलावासाठी ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोहून थोडा अधिक, फज तयार केला. दोन कप साखर, एक कप क्रीम, थोडे बिनसाखरेचे चॉकलेट आणि चमचाभर लोणी एवढे त्या कृतीचे प्रमाण. एका घाण्याला जेमतेम सहा-सातशे ग्रॅम फज होतो, हे लक्षात घेतले तर वीसेक घाणे हाताने घोटणे म्हणजे काय, याची कल्पना येते. त्या काळी हातात थर्मामीटर नव्हता. पाक बशीत घेऊन घोटल्यावर आळतो का ते पाहायचे, भांडे उतरवायचे आणि मिश्रण पुरते निवेपर्यंत घोटत राहायचे, एवढीच सूचना होती. पुढे वेलस्ली आणि स्मिथ या मुलींच्या कॉलेजांतही फजच्या आपापल्या कृती रूढ झाल्या, आणि वसतिगृहाच्या खोल्यांतून रात्री स्पिरिटच्या शेगडीवर तो शिजू लागला.

एवढे घोटण्याचे कारण साखरेच्या स्वभावात आहे. नारळाच्या वड्या करणाऱ्यांना पाकाची परीक्षा सांगावी लागत नाही; फजला मऊ गोळीबंद पाक लागतो, म्हणजे थेंब गार पाण्यात टाकला तर त्याची गोळी व्हावी, पण बोटाने दाबताच ती चपटी व्हावी. हे साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला घडते. असा पाक गरम असतानाच ढवळला तर साखरेचे मोजके आणि मोठे कण तयार होतात आणि फज जिभेला रवाळ लागतो. तो न हलवता सुमारे ४३ अंशांपर्यंत निवू दिला आणि मग न थांबता घोटला, तर एकाच वेळी असंख्य बारीक कण धरतात आणि वडी मऊसूत होते. व्हॅसरच्या मूळ कृतीत हे निववणे नव्हते. आधी निववून मग घोटण्याची रीत नंतर रुळली. पुढे कृतीत कॉर्न सिरप, म्हणजे मक्यापासून केलेला दाट गोड पाक, आले, कारण त्यातील ग्लुकोज मोठे कण धरू देत नाही.

व्यवसाय म्हणून फज वाढला तो अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील मॅकिनॅक बेटावर. तिथे मर्डिक कुटुंबाने १८८७ मध्ये मिठाईचे दुकान काढले आणि संगमरवरी फरशीवर पाक ओतून लांब उलथन्याने तो परतण्याचे काम गिऱ्हाइकांसमोर मांडले. घरात जे कष्ट ओट्यापाशी कोणाच्या नजरेला पडत नाहीत, तेच तिथे प्रवाशांसाठी पाहण्याजोगे ठरले. त्या प्रवाशांना स्थानिक लोक आजही ‘फजी’ म्हणतात. आपल्याकडे लोणावळ्यात चिक्कीबरोबर चॉकलेट फजही विकला जातो. तिथल्या पावसाळी हवेत साखर ओलावा धरते, त्यामुळे अशा दिवसांत पाक किंचित पुढे नेणेच श्रेयस्कर.

विसाव्या शतकात कंडेन्स्ड मिल्क (साखर घालून आटवलेले डब्यातले दूध) आणि मार्शमॅलो क्रीम (साखरेचे फेसाळ, चिकट मिश्रण) वापरून केलेल्या कृती घरोघरी पोहोचल्या. त्यांत घोटणे जवळजवळ नाहीच. कंडेन्स्ड मिल्कची वडी साखरेच्या कणांवर नव्हे, तर चॉकलेटमधील स्निग्धांशावर धरते. लहान मुलांना हाताशी घेऊन करायला ती सोयीची आहे, हे खरे. पण तोंडात टाकताच विरघळून जाणारा जुन्या फजचा बारीक पोत तिला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पोत हवा असेल तर लाकडी उलथने जड होईपर्यंत घोटत राहावे लागते आणि मिश्रणावरची चकाकी जाऊन ते निस्तेज दिसू लागण्याच्या क्षणावर नजर ठेवावी लागते. तो क्षण दिसला की लगेच तूप लावलेल्या ताटात थापायचे. मिनिटभर उशीर झाला तरी फज भांड्यातच घट्ट होतो.