जुन्या लेथचे फीड बंद पडते तेव्हा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीसाठी जुना लेथ (धातूचा जॉब फिरवून कातण्याचे मशीन) घेऊन येणाऱ्या ग्राहकांची तक्रार बहुधा एकच असते : चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) फिरतो, पण फीड (हत्यार आपोआप पुढे सरकवणारी चाल) चालत नाही. लेथ १९४१ साली हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचा असो, बंगळूरच्या एचएमटीचा असो, नाहीतर राजकोट किंवा बटाल्याकडून आलेला असो, वेळच्या वेळी तेलपाणी झालेले जुने मशीन आजही चोख काम देते आणि त्याचे फीड थांबण्यामागचे कारण पुष्कळदा लहानच असते. ते कारण कसे शोधावे आणि शोधण्यापूर्वी काय करू नये, हे आम्हाला रोज फोनवर सांगावे लागत असल्यामुळे येथे एकदा नीट लिहून देत आहोत.

मशीन बंद असताना फीड शाफ्टवर (फीडला गती देणाऱ्या लांब दांड्यावर) खडूने लांब रेघ ओढावी, मग चक सर्वांत कमी वेगावर चालवून फीडचा दांडा टाकावा आणि रेघ फिरते का ते पाहावे. शाफ्ट फिरत असूनही सॅडल (हत्यार घेऊन बेडवरून सरकणारा भाग) जागीच उभे असेल, तर दोष अ‍ॅप्रनमध्ये (सॅडलच्या पुढच्या पेटीत), म्हणजे वर्म, क्लच किंवा रॅकवरच्या (बेडच्या दातेरी पट्टीवरच्या) पिनियनमध्ये, म्हणजे लहान गियरमध्ये असतो. क्रॉस फीड (आडवे) चालते आणि फक्त लांबीचे चालत नाही, अशा वेळी वर्मला हात लावण्याचे कारण नाही. पिनियन आणि त्याचा दांडा तपासावा. शाफ्टच फिरत नसेल, तर दोष हेडस्टॉकच्या (चकमागच्या पेटीच्या) बाजूला असतो. तेथे आधी टंबलरचा (फीडची दिशा बदलणाऱ्या गियरचा) दांडा मधल्या, म्हणजे फीड सुटलेल्या खाचेत तर राहिलेला नाही ना, हे पाहावे, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही गाडी घेऊन जाऊन आलो आहोत. त्यानंतर शिअर पिन (जास्त ताण आला की गियरऐवजी तुटणारी पिन) पाहावी.

या पिनपाशीच सगळे नुकसान सुरू होते. फेसिंग करताना (जॉबचे तोंड सपाट करताना) सॅडल हलू नये म्हणून लॉकचा बोल्ट आवळलेला असतो. फेसिंग संपते, जॉब टर्निंगला (लांबीने कातायला) घेतला जातो, लॉक सोडायचे राहून जाते आणि फीड टाकताच पिन कट् असा आवाज करून तुटते. येथपर्यंत काहीही बिघडलेले नाही, कारण पिन त्यासाठीच बसवलेली असते. परंतु ऑर्डर अडलेली असते, नवी पिन हाताशी नसते, म्हणून कोणीतरी मोडक्या ड्रिलची शँक (मागचा गुळगुळीत दांडा) त्या भोकात ठोकून बसवतो आणि मशीन चालू होते. पुढच्या वेळी लॉक सुटायचे राहिले किंवा सॅडल चालत्या चकपर्यंत गेले, की तुटायला पिन उरलेली नसते, म्हणून गियर तुटतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही उघडलेल्या एका गियर बॉक्समध्ये बिडाच्या गियरचे चार दात तेलाच्या तळाशी पडलेले होते आणि पिनच्या भोकात सहा मिलिमीटरच्या ड्रिलची शँक जशीच्या तशी, चकचकीत उभी होती. पिन बदलणे हे दहा मिनिटांचे काम होते. त्यासाठी मशीन तीन आठवडे बंद राहिले. ज्या लेथला पिनऐवजी स्प्रिंगचा क्लच आहे, तेथे फीड घसरते म्हणून स्प्रिंगचा नट शेवटपर्यंत आवळणे ही हीच चूक आहे.

पिन आपल्या मशीनला मूळ जशी असेल तशी, पितळेची किंवा मऊ लोखंडाची, त्याच जाडीची आणि खाच असल्यास खाचेसह असावी. जुनी पिन पाहून आम्ही तशा पिना टर्न करून देतो आणि फीडच्या प्रत्येक दुरुस्तीसोबत काही पिना मशीनजवळ ठेवण्यासाठी देतो.

तुटलेल्या दातावर वेल्डिंग करून द्या, असा आग्रह अनेक ग्राहक धरतात आणि आम्ही नकार दिला की आम्ही काम वाढवतो असे त्यांना वाटते. बिडावर वेल्डिंगने भरलेला दात शेजारच्या दातांइतका भरवशाचा नसतो आणि तो पुन्हा तुटला की सोबतचा गियरही खराब करतो, म्हणून आम्ही नवा गियर कापूनच देतो. त्यासाठी जोडीचा गियरही आणा असे आम्ही सांगतो, त्याला कारण आहे. इंची मापाच्या जुन्या मशीनचे गियर डीपीमध्ये (व्यासाच्या एका इंचामागे किती दात, या मापात) असतात. १२ डीपीच्या ४० दाती गियरचा बाहेरचा व्यास ८८.९ मिलिमीटर भरतो, तर २ मॉड्यूलच्या (दातांच्या मिलिमीटर मापाच्या) तेवढ्याच दातांच्या गियरचा ८४. घाईत जवळचे मॉड्यूल धरून कापलेला गियर शाफ्टवर बसतो, पण जोडीशी कधीच नीट जुळत नाही आणि दोन्ही गियर खातो.

फीड बंद न पडता झटके देत असेल, तर झटका कोठे येतो ते पाहावे. चकजवळच्या ठरावीक पट्ट्यातच येत असेल, तर तेथे रॅक झिजलेला असतो किंवा त्यात कीस दाबून बसलेला असतो. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत असेल, तर शाफ्ट वाकलेला असतो. सगळीकडेच सॅडल जड चालत असेल, तर बेड पुसून तेल द्यावे आणि गिब (सॅडलची ढिलाई घेणारी पट्टी) थोडी सैल करून पाहावी.

आटे पाडण्यासाठी बदललेले चेंज गियर तसेच राहिले, तर प्लेटवरच्या फीडशी प्रत्यक्ष फीड जुळत नाही. परत लावताना दोन गियरच्या मध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घालून गियर एकमेकांना टेकवावेत, बोल्ट आवळावा आणि मग पट्टी काढावी; हवी तेवढीच फट राहते आणि गियर आवाज करत नाहीत.

आमच्याकडे येताना लेथवरच्या नावाच्या आणि फीडच्या प्लेटचा फोटो, गियर तुटला असल्यास त्याच्या जोडीचा गियर आणि तुटलेल्या पिनचे दोन्ही तुकडे कागदात बांधून आणावेत.