स्ट्रट ब्रेस आणि अँटी-रोल बार: दांड्या दोन, कामं दोन

घाटात गाडी एका अंगावर जाते, मागच्या सीटवर मुलांना मळमळतं, म्हणून माझ्या मावसभावाने पावसाळ्याआधी बॉनेटखाली एक लाल दांडी बसवून घेतली. ताम्हिणीतून जाऊन आला आणि म्हणाला, "काहीच फरक नाही रे." फरक पडणारच नव्हता. त्याला हवं होतं ते काम अँटी-रोल बारचं आणि त्याच्या गळ्यात पडला स्ट्रट ब्रेस. ही गल्लत इतक्या जणांची होते की एकदा नीट लिहायलाच हवं.

दोन्ही आडव्या दांड्या, दोन्ही डावी बाजू उजवीला जोडणाऱ्या, आणि दुकानात दोन्हींना नुसतं 'बार' म्हणतात. पण एक बॉडीला बॉडीशी जोडते, तर दुसरी चाकाला चाकाशी. गाडी चालताना ब्रेस जागचा हलत नाही. अँटी-रोल बार मात्र सतत आपल्या बुशमध्ये, म्हणजे रबरी पकडीत, फिरत, पिळत असतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी ब्रेस. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या इंजिनिअरची ही रचना फोर्डने 1950 च्या सुमारास ब्रिटनमधल्या कॉन्सुल आणि झेफिर या गाड्यांत आणली. आपल्याकडे 1983 साली मारुती 800 बरोबर ती घराघरांत पोचली. यात शॉकअब्झॉर्बर आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात आणि त्या खांबाचं वरचं टोक थेट बॉडीच्या पत्र्याला, म्हणजे स्ट्रट टॉवरला धरलेलं असतं. त्यामुळे वळणावर आणि खड्ड्यात टॉवरवर आडवा जोर येतो आणि दोन टॉवरमधलं अंतर किंचित कमी-जास्त होतं. ब्रेस ते अंतर कायम राखतो. त्याने चाकांचे कोन जागच्या जागी राहायला मदत होते आणि स्टिअरिंग जरा नेमकं वाटतं. गाडीचं झुकणं मात्र तसूभरही कमी होत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. जोरात वळताना दोन्ही टॉवर एकाच दिशेला ढकलले गेले, तर त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं, त्यामुळे साध्या ब्रेसला करण्यासारखं काही उरत नाही. तिथे फायरवॉललाही, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीलाही, बांधलेला तीन टोकांचा ब्रेस लागतो. नव्या गाड्यांची बॉडी मुळातच ताठ असते, त्यामुळे त्यांत ब्रेसचा फायदा थोडाच. जुन्या, पत्रा सैलावलेल्या गाडीत तो हाताला कळतो. आणि ज्या ब्रेसच्या दोन्ही टोकांना बिजागरीसारखा एकेक बोल्ट असतो, त्यापेक्षा एकसंध ब्रेस मला नेहमीच बरा वाटत आलाय.

बसवताना गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर आणि इंजिन थंड. जॅकवर उचललेल्या गाडीत टॉवरवरचा भारच बदलतो, तिथे लावलेलं माप खाली आल्यावर चुकतं. टॉवरवर कडेचे तीन-चार नट असतात, ते एका वेळी एकाच बाजूचे काढा. मधल्या मोठ्या नटाला हात लावायचा नाही. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे, तो सुटला तर जीवावर बेतेल. काही गाड्यांत वर फक्त तो मधलाच नट दिसतो. अशा गाडीला खास तिच्यासाठी बनवलेला ब्रेस मिळत नसेल तर नाद सोडा. नटांची भोकं लांबट असतील तर काढण्याआधी मार्करने खूण करून घ्या, नाहीतर कँबर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, सरकतो आणि अलाइनमेंट नव्याने करावी लागते.

मग ब्रेसची लांबी. मधल्या दांडीला एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे ती फिरवली की लांबी वाढते किंवा घटते. हाताने फिरवत खेळ संपेपर्यंत न्या, वर जास्तीत जास्त पाव फेरा, आणि लॉक नट आवळा. पान्याने करकचून ताणून कँबर दुरुस्त करणारे लोक मी पाहिलेत. त्याने टॉवरवर विनाकारण कायमचा ताण बसतो. टॉवरचे नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला.

बॉनेट लावण्याआधी माझी एक घरगुती चाचणी असते. कणकेचे चार गोळे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ब्रेसवर ठेवायचे, बॉनेट अलगद टेकवायचं आणि उघडून गोळा किती चपटा झाला ते बघायचं. सेंटिमीटरभर जाडी उरली तर माझं समाधान होतं. इंजिन रेस केल्यावर हलतं, त्यालाही जागा लागते. नटांवर रंगाची रेघ ओढून ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर नट सरकलाय.

आता झुकण्यावरचा खरा उपाय. अँटी-रोल बार, गॅरेजच्या भाषेत स्टॅबिलायझर, म्हणजे इंग्रजी 'यू'सारखी वाकवलेली स्प्रिंग स्टीलची दांडी. मध्ये दोन बुशांत धरलेली, टोकं लिंक रॉडने, म्हणजे छोट्या जोडदांड्यांनी, दोन्ही चाकांकडे. डावीकडे वळलात की उजवं चाक कमानीत वर जातं, डावं खाली लोंबतं, दांडीला पीळ पडतो आणि त्या पिळाला दांडी विरोध करते. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर ती नुसती फिरते, काही करत नाही. ऑल्टोच्या माहितीपत्रकात 'टॉर्शन टाइप रोल कंट्रोल डिव्हाइस' असं भारदस्त नाव छापलेलं असायचं, ती हीच.

तिची ताकद जाडीच्या चौथ्या घातात वाढते. 20 मिलिमीटरच्या भरीव दांडीऐवजी, बाकी सगळं तेच ठेवून, 22 ची घातली तर कडकपणा सुमारे 46 टक्क्यांनी वाढतो! म्हणून इथे मनाला येईल ते करू नये. नुसती पुढची कडक केली तर वळणात नाक बाहेर जातं, नुसती मागची केली तर शेपूट सुटतं, आणि ओल्या घाटात ते भयंकर आहे. शिवाय एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकालाही जाणवू लागतो. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये खडकाळ रस्त्यासाठी पुढचा बार बटण दाबून सोडवता येतो, तो याचसाठी.

जुळवणीही वेगळी. बाजारातल्या काही बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात. लिंक बाहेरच्या भोकात गेली की तरफ लांब, बार मऊ. आतल्यात गेली की कडक. लिंकची लांबी बदलता येत असेल तर ती गाडी सपाट उभी असताना बारला अजिबात पीळ नसेल अशी लावायची. रबरी बुश असलेल्या लिंकचे नट शेवटचे आवळायचे ते चाकांवर भार असतानाच. रबराला साधं ग्रीस लावू नका, ते फुगतं.

मावसभावाच्या गाडीत मी पिटमध्ये उतरून डावी लिंक रॉड हातात धरून हलवली, तर बॉल जॉइंट टकटक वाजला. दुसऱ्या बाजूचीही तीच गत. म्हणजे बार होता, पण पकड घेण्याआधीच थोडं अंतर वाया जात होतं. दोन्ही लिंक आणि मधले बुश बदलले. गाडी अजून झुकते, तेवढी ती मुळातच झुकणार. पण पहिला तो एकदम पडल्यासारखा झोक गेला. लाल दांडी आम्ही काढली नाही. फक्त बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर रबरी टोपी चढवली, कारण दांडी त्याच्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर होती आणि बसवणाऱ्याने ते पाहिलंच नव्हतं.