अ‍ॅडऑन डोमेनचं रूट फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या पोटात कसं गेलं

नाशिकमध्ये छोट्या धंद्यांच्या वेबसाइट करणाऱ्या बऱ्याच जणांकडे अजूनही एखादं जुनं शेअर्ड होस्टिंग अकाउंट (एका सर्व्हरवर अनेकांना भाड्याने दिलेली जागा) असतंच, ज्यात एका साइटच्या आत बाकीच्या साइट कोंबलेल्या असतात. पिंपळगावच्या द्राक्ष एक्स्पोर्टरची साइट मेन, तिच्या पोटात त्र्यंबक रोडवरचं हॉटेल, शेजारी येवल्याचं पैठणीचं दुकान.

याचं मूळ बरंच मागे आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून आलेल्या वेब सर्व्हरमध्ये, म्हणजे वेबपानं पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन सोयी होत्या, अख्ख्या मशीनसाठी एक एचटीडॉक्स फोल्डर आणि प्रत्येक युजरच्या होम फोल्डरमध्ये पब्लिक एचटीएमएल नावाचं फोल्डर, म्हणजे विद्यार्थ्याने आपली पानं तिथे टाकायची. १९९५ मध्ये त्याच कोडवरून अपाचे हा वेब सर्व्हर उभा राहिला आणि या दोन्ही गोष्टी तशाच पुढे आल्या. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये होस्ट हेडर, म्हणजे कोणती साइट हवी ते नाव सांगणं, सक्तीचा झाला, एका आयपीवर हवी तेवढी डोमेन चालवणं सोपं झालं, होस्टिंग स्वस्त झालं आणि होस्टिंग सांभाळायच्या कंट्रोल पॅनेलनी पब्लिक एचटीएमएल हेच मेन डोमेनचं रूट, म्हणजे साइट जिथून उघडते ते फोल्डर, धरलं.

इथपर्यंत ठीक होतं. घोळ झाला अ‍ॅडऑन डोमेनपासून, म्हणजे त्याच अकाउंटात जोडलेल्या दुसऱ्या डोमेनपासून. सीपॅनेल या कंट्रोल पॅनेलमध्ये दुसरं डोमेन जोडलं की त्याचं फोल्डर वर्षानुवर्षं आपोआप पब्लिक एचटीएमएलच्या आतच तयार व्हायचं, आणि रूट बाहेर नेऊ न देणारं सेटिंग सर्व्हरवर मुळातच चालू असायचं, ते बंद करणं होस्टवाल्याच्या हातात. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात आतल्या बिऱ्हाडाला पुढच्या बिऱ्हाडाच्या ओसरीतून जावं लागतं तसं हे. एक्स्पोर्टरच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन हॉटेलच्या फोल्डरचं नाव टाका, हॉटेलची साइट उघडते. मेन डोमेनच्या आधी नाव जोडून होणाऱ्या सबडोमेननेही उघडते, स्वतःच्या डोमेनने तर उघडतेच, म्हणजे एकच साइट तीन पत्त्यांवर आणि गुगलला तिन्ही सापडू शकतात. त्यात अपाचे वरच्या प्रत्येक फोल्डरची एचटीअ‍ॅक्सेस ही सेटिंगची फाइल वाचतं, त्यामुळे हॉटेलच्या फोल्डरमध्ये रीराइटचे, म्हणजे पत्ता बदलून दुसरीकडे नेण्याचे, स्वतःचे रूल नसले तर एक्स्पोर्टरच्या साइटचे रूल तिथेही लागू होतात आणि गिऱ्हाईक म्हणतं काल चालत होती आज काय झालं.

याची बाजू घेणारे म्हणतात सगळं एका जागी असतं, बॅकअप एका झिपमध्ये होतो, एफटीपीने फाइली चढवणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. आणि त्यांचा एक मुद्दा खराच आहे, फोल्डर बाहेर नेलं तरी सर्व्हरवरच्या लिनक्सचा युजर एकच राहतो, त्यामुळे एका साइटमध्ये मालवेअर शिरलं तर दुसरीत जायला वाट असतेच. पण म्हणून आत ठेवणं बरोबर ठरत नाही. मेन साइटवाल्याने होस्टिंग बदलताना पब्लिक एचटीएमएल साफ केलं की बाकीच्यांच्या साइट त्याच्याबरोबर उडतात, आणि त्या बिचाऱ्यांना आपण कोणाच्या पोटात बसलोय हे माहीतही नसतं. २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी रूम बुकिंगच्या साइट घाईघाईत अशाच जोडल्या गेल्या, आता २०२७ साठी परत तेच चालू आहे.

हाच प्रश्न लिनक्सवाल्यांनी आपल्या बाजूने सोडवला. आधी सर्व्हरवरचं व्हार डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डर हेच डीफॉल्ट साइटचं रूट असायचं, त्यात कोणतंही फोल्डर केलं की ते डीफॉल्ट साइटवरून जगाला दिसायचं. उबुंटू १४.०४ आणि २०१५ च्या डेबियन ८ या लिनक्सच्या आवृत्त्यांपासून रूट एक पायरी आत, एचटीएमएल फोल्डरमध्ये नेलं आणि बाकीच्या साइटना शेजारी जागा मोकळी झाली. साइट बनवायचं लॅराव्हेल हे फ्रेमवर्क तर फक्त पब्लिक फोल्डर रूटमध्ये ठेवायला सांगतं, पासवर्ड असलेली एन्व्ह फाइल बाहेर. वर्डप्रेसलाही पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल एक पायरी वर ठेवलेली चालते पण ठेवतं कोण.

सीपॅनेलही हळूहळू बदललं. नव्या डोमेन्सच्या स्क्रीनवर वेगळं रूट मागितलं तर बऱ्याच होस्टकडे ते थेट होममध्ये, पब्लिक एचटीएमएलच्या शेजारी होतं. फक्त तिथे 'शेअर डॉक्युमेंट रूट'ची, म्हणजे मेन साइटचंच रूट वापरायची, टिक आधीच लावलेली असते, ती काढायची राहिली की पैठणीच्या डोमेनवर द्राक्षांची साइट उघडते.